‘क्लीन ब्यूटी’ म्हणजे नेमकं काय? चाळिशी-पन्नाशीनंतर स्किनकेअर आणि मेकअप निवडताना लेबलवर काय पाहायचं?

‘पॅराबेन-फ्री’, ‘टॉक्सिन-फ्री’, ‘केमिकल-फ्री’, ‘१०० टक्के नॅचरल’. इन्स्टाग्रामवर स्किनकेअरचा एखादा रील पाहिला की पुढचे दहा रील याच शब्दांनी भरलेले असतात. या सगळ्यांना मिळून एक नाव आहे, ते म्हणजे ‘क्लीन ब्यूटी’. गेल्या काही वर्षांत हे शब्द चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या महिलांच्या क्रीम, सीरम आणि फाउंडेशनवरही दिसू लागले आहेत.

या वयात त्वचा कोरडी होते, पूर्वी चालणारं क्रीम अचानक झोंबायला लागतं, गालावर वांग दिसू लागतात. अशा वेळी ‘क्लीन’ लिहिलेली महागडी बाटली सुरक्षित असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण हा शब्द नेमकं काय सांगतो? तो लिहिण्याआधी कुणी तपासणी करतं का? आणि आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांमधून जे गंभीर त्रास होतात, ते या शब्दामुळे टळतात का?

‘क्लीन’ हा शब्द आला कुठून?

‘क्लीन ब्यूटी’ ही कल्पना प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. तिथे सौंदर्यप्रसाधनांवरचा मूळ कायदा १९३८ सालचा. त्यात मोठी सुधारणा व्हायला २०२२ साल उजाडलं. मधल्या काळात युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत चालणार नाहीत अशा १३०० हून अधिक पदार्थांची यादी केली. अमेरिकेत थेट बंदी असलेल्या पदार्थांची यादी मात्र अगदी छोटी राहिली. ‘सरकार पुरेसं लक्ष देत नाही, मग आम्हीच नको ते घटक गाळतो’ या भूमिकेतून काही ब्रँड आणि दुकानं पुढे आली.

२०१८ मध्ये ‘सेफोरा’ या मोठ्या दुकानसाखळीने आपल्या शेल्फवरच्या निवडक उत्पादनांना ‘क्लीन’चा शिक्का द्यायला सुरुवात केली आणि हा शब्द सगळीकडे पोचला. शिक्क्याचा अर्थ इतकाच होता की दुकानाने ठरवलेल्या यादीतले घटक त्या उत्पादनात नाहीत.

पुढे या शिक्क्यावरून न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावाही झाला. ‘क्लीन’ म्हणून विकलेल्या वस्तूंमध्ये कृत्रिम आणि त्रासदायक ठरू शकणारे घटक आहेत, अशी तक्रार होती. २०२४ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. उत्पादन पूर्णपणे नैसर्गिक आहे किंवा त्यातल्या कशाचाच त्रास होणार नाही, असं कंपनीने म्हटलेलंच नव्हतं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

म्हणजे ‘क्लीन’ या शब्दातून ग्राहक जो अर्थ काढतो, तो अर्थ विकणाऱ्याला बांधील असतोच असं नाही. प्रत्येक ब्रँडची ‘नको’ असलेल्या घटकांची यादी वेगळी असते. एकाच्या यादीत सिलिकॉन नको असतं, दुसऱ्याला ते चालतं. कुणी कृत्रिम सुगंध टाळतं, पण त्याच बाटलीत लॅव्हेंडरचं तेल घालतं.

भारतातला कायदा काय सांगतो?

भारतात सौंदर्यप्रसाधनं ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०’ खाली येतात. त्यासाठी ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ लागू आहेत. ‘क्लीन’ या शब्दाची व्याख्या यात नाही. काही गोष्टी मात्र स्पष्टपणे लिहिलेल्या आहेत.

विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए पाहतं. परदेशातून आणलेल्या उत्पादनाची केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी व्हावी लागते. रंग येण्यासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला मनाई आहे. डोळ्यांसाठीची उत्पादनं वगळता इतर सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याचा अंश दहा लाखांत एक भाग, म्हणजे १ पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये आणि तोही नकळत आलेला असावा. २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवरही बंदी आहे.

‘क्लीन’ या शब्दाची थोडीफार दखल वेगळ्या ठिकाणी घेतली गेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं आणली. ‘क्लीन’, ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि स्पष्टीकरणाशिवाय वापरू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. पण हा मुद्दा पर्यावरणाचा आहे. ते क्रीम तुमच्या त्वचेला मानवेल का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

चाळिशीनंतर त्वचेत काय बदलतं?

भारतीय महिलांमध्ये पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास मानलं जातं. पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या जवळपास आहे. म्हणजे आपल्याकडे त्वचेतले हे बदल तुलनेने लवकर सुरू होतात.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन झपाट्याने घटतं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या माहितीनुसार, रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं. त्वचा पातळ होते, तेल कमी सुटतं आणि ओलावा धरून ठेवणारा वरचा थर कमकुवत होतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की या वयात त्वचेतून पाणी लवकर उडतं आणि बाहेरचा त्रासदायक पदार्थ सहज आत शिरतो. वीस वर्षं वापरलेला साबण किंवा परफ्यूम आता खाज आणू शकतो. त्यामुळे कमी घटक असलेली आणि बिनवासाची उत्पादनं निवडण्याला या वयात खरोखर अर्थ आहे. ‘क्लीन ब्यूटी’तला हा भाग उपयोगाचा आहे. अडचण येते ती ‘नैसर्गिक ते चांगलं, केमिकल ते वाईट’ या सरधोपट विभागणीने. पाणी हेही एक रसायनच आहे आणि ‘केमिकल-फ्री’ क्रीम अस्तित्वातच नसतं.

पॅराबेनची भीती कुठून आली?

‘क्लीन’ यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा पॅराबेनचं असतं. क्रीम, शाम्पू, फाउंडेशन यांत पाणी असतं आणि पाणी आलं की बुरशी, जिवाणू आलेच. ते वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावे लागतात. पॅराबेन हे त्यातले स्वस्त आणि जुने घटक आहेत. जवळपास शंभर वर्षं ते वापरात आहेत.

२००४ मध्ये ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पॅराबेनचा परिणाम काही प्रमाणात इस्ट्रोजेनसारखा असल्याने खळबळ उडाली. पण या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती. पॅराबेनमुळे कर्करोग झाला, असं त्यातून सिद्ध होत नव्हतं आणि संशोधकांनीही तसा दावा केला नव्हता. शिवाय पॅराबेनचा हा गुण शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत अतिशय दुबळा असतो.

युरोपीय संघाने यावर सरसकट बंदी न घालता प्रत्येक पॅराबेनचा वेगळा विचार केला. २०१४ मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनना मनाई झाली, प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनची मर्यादा कमी केली गेली. मिथिल आणि इथिल पॅराबेन ठरलेल्या प्रमाणात चालू राहिले.

दरम्यान, ‘पॅराबेन-फ्री’ म्हणता यावं म्हणून अनेक कंपन्यांनी दुसरे प्रिझर्व्हेटिव्ह घेतले. त्यातल्या मिथिलआयसोथायझोलिनोन या घटकाने ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढवले की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं. पुढे युरोपने त्वचेवर राहणाऱ्या क्रीम-लोशनमधून तो हद्दपार केला. याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनना ‘नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर’ म्हटलं. पॅराबेनमुळे ॲलर्जी क्वचितच होते, हे लोकांच्या लक्षात आणून द्यायचं होतं.

‘क्लीन’च्या नावाखाली काय काढलं, हे लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्याजागी काय घातलं, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात शोधावं लागतं.

ज्या महिलांवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार सुरू आहेत किंवा झालेले आहेत, त्यांनी मात्र कोणतं क्रीम चालेल हे रीलवरून ठरवू नये. आपल्या कर्करोगतज्ज्ञांनाच विचारावं.

‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित का?

याचं उत्तर आपल्याच आयुर्वेदातल्या एका वनस्पतीत सापडतं. बावचीच्या बिया पांढऱ्या डागांवरच्या उपचारात पूर्वापार वापरल्या जातात. त्यात सोरालेन नावाचे पदार्थ असतात. ते त्वचेला लागले आणि त्यावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात. पांढऱ्या डागांवरच्या उपचारात याच गुणाचा उपयोग नियंत्रणाखाली केला जातो. पण ‘नॅचरल अँटी-एजिंग’ म्हणून कच्चं बावची तेल चेहऱ्यावर लावून उन्हात जाणं धोक्याचं आहे.

याच बावचीतून ‘बाकुचिऑल’ हा घटक वेगळा काढून शुद्ध केला जातो. ‘क्लीन’ ब्रँड त्याला रेटिनॉलचा पर्याय म्हणून विकतात. २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत त्यावर एक अभ्यास आला. ४४ जणांना १२ आठवडे ०.५ टक्के बाकुचिऑल किंवा ०.५ टक्के रेटिनॉल देण्यात आलं. सुरकुत्या आणि डाग दोन्ही गटांत जवळपास सारखेच कमी झाले. रेटिनॉलच्या गटात त्वचा सोलवटणं आणि झोंबणं जास्त होतं. हा अभ्यास उत्साह वाढवणारा आहे, पण लहान आहे. रेटिनॉल आणि त्याच्या कुळातल्या औषधांमागे कितीतरी जास्त वर्षांचं संशोधन आहे.

त्यामुळे ज्यांना रेटिनॉल सोसतं, त्यांनी ते केवळ ‘क्लीन’ नाही म्हणून सोडायची गरज नाही. आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं आणि वरून मॉइश्चरायझर, अशी सुरुवात करता येते. ज्यांना ते अजिबातच झेपत नाही, त्यांच्यासाठी बाकुचिऑल हा विचार करण्यासारखा पर्याय आहे.

हीच गोष्ट सुगंधी तेलांची. गुलाब, लॅव्हेंडर, लिंबू, टी-ट्री यांच्या तेलांत लिमोनीन, लिनालूल यांसारखे घटक असतात आणि हवेच्या संपर्कात आल्यावर त्यांच्यापासून ॲलर्जी आणणारे पदार्थ तयार होतात. ‘कृत्रिम सुगंध नाही’ म्हणजे ‘सुगंध नाही’ असं नव्हे. पातळ झालेल्या त्वचेसाठी फुलांच्या तेलापेक्षा बिनवासाचं क्रीम बरं.

घरगुती उपायांनाही हा नियम लागू होतो. दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस लावलं तर बहुतेकांना काही होत नाही. पण पन्नाशीतल्या कोरड्या त्वचेला रोज मुलतानी माती किंवा बेसन चोळलं तर उरलंसुरलं तेलही निघून जातं. लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा तर चेहऱ्यापासून लांबच ठेवावा.

जे ‘क्लीन’ नाही, ते कधी कधी उपयोगाचं असतं

अनेक ‘क्लीन’ याद्यांमधून पेट्रोलियम जेली आणि सिलिकॉन वगळलेले असतात. प्रत्यक्षात नीट शुद्ध केलेली पेट्रोलियम जेली त्वचेतलं पाणी अडवून धरणाऱ्या सर्वांत परिणामकारक पदार्थांपैकी एक आहे. तिची ॲलर्जी फार क्वचित होते. भेगाळलेल्या टाचा, कोरडे ओठ आणि हिवाळ्यातले खरखरीत हात यांसाठी ती स्वस्त आणि पुरेशी आहे.

डायमेथिकोन हे सिलिकॉन फाउंडेशन आणि प्रायमरमध्ये असतं. ते बारीक रेषांवर एक गुळगुळीत थर देतं आणि सहसा त्रास देत नाही. ते पर्यावरणात लवकर विघटित होत नाही, हा आक्षेप वेगळा आहे आणि तो विचारात घ्यायला हरकत नाही. पण ‘ते त्वचेला विषारी आहे’ हा दावा त्यातून निघत नाही.

सल्फेटचं उलटं आहे. सल्फेट असलेला फेसवॉश विषारी नसतो, पण तो तेल खरवडून काढतो. म्हणून चाळिशीनंतर सौम्य, कमी फेसाचा फेसवॉश घेणं योग्यच. ‘सल्फेट-फ्री’ इथे खरोखर कामाचं आहे.

सनस्क्रीन: ‘मिनरल’ की ‘केमिकल’?

वाढत्या वयात त्वचेसाठी एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर ती सनस्क्रीन असावी, यावर त्वचारोगतज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. ‘क्लीन’ ब्रँड झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या मिनरल सनस्क्रीनवर भर देतात. संवेदनशील त्वचेला ही सनस्क्रीन जास्त सोसतात, हे खरं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या दोन घटकांना सुरक्षित म्हणण्याचा प्रस्ताव मांडला आणि ऑक्सिबेन्झोनसारख्या इतर अनेक घटकांविषयी आणखी माहिती मागवली. मात्र अशी माहिती मागवली म्हणजे ते घटक धोकादायक ठरले, असा अर्थ होत नाही. हवाईमध्ये ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, ती प्रवाळांच्या काळजीपोटी.

आपल्याकडे मिनरल सनस्क्रीनची खरी अडचण वेगळीच आहे. सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यावर त्याचा पांढरा थर दिसतो. मग बाई ते लावणंच बंद करते. अशा वेळी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन चांगलं. त्याचा रंग त्वचेत मिसळतो आणि वांग वाढवणाऱ्या दृश्य प्रकाशापासूनही ते काही प्रमाणात संरक्षण देतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असा उल्लेख आणि चेहरा-मानेला मिळून दोन बोटांवर मावेल एवढं प्रमाण, हे ‘क्लीन’ शब्दापेक्षा महत्त्वाचं.

मेकअप निवडताना काय पाहायचं?

प्रौढ त्वचेवर जाड पावडर रेषांत जाऊन बसते आणि कोरडेपणा उठून दिसतो. त्याऐवजी मॉइश्चरायझरचा थर, त्यावर हलकं फाउंडेशन किंवा रंगीत सनस्क्रीन आणि क्रीम ब्लश चांगला दिसतो.

रजोनिवृत्तीनंतर अनेकींचे डोळेही कोरडे पडतात. त्यामुळे मस्कारा आणि काजळ जपून निवडायला हवं. मस्कारा उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत बदलावा. नैसर्गिक आहे म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला मस्कारा घेणं डोळ्यांसाठी उलट जास्त धोक्याचं असतं. काही पारंपरिक सुरम्यांत शिशाचं संयुग आढळतं, म्हणून सुटं, लेबल नसलेलं सुरमा-काजळ टाळावं.

लिपस्टिकबाबत एक गंमत आहे. ‘नॅचरल’ लाल रंग कधी कधी कार्माइनचा असतो आणि कार्माइन कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळतं. म्हणजे ते नैसर्गिक आहे, पण शाकाहारी नाही. ‘नॅचरल’, ‘व्हीगन’ आणि ‘क्रूएल्टी-फ्री’ हे तीन वेगळे दावे आहेत. एक खरा असला म्हणून बाकीचे दोन खरे ठरत नाहीत.

आपल्याकडचा मोठा धोका कुठे आहे?

‘क्लीन ब्यूटी’ची सगळी चर्चा पॅराबेन आणि सल्फेटभोवती फिरते. भारतात डॉक्टरांकडे जाणाऱ्या महिलांना झालेले गंभीर त्रास मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टींमुळे असतात.

पारा असलेली गोरेपणाची क्रीम. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून काही दिवसांत ‘ग्लो’ दिसतो. हाच पारा त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ दरम्यान मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा जो दुर्मीळ प्रकार आढळला, त्यापैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम वापरत होते. अकोल्यातही एकाच कुटुंबातल्या महिलांची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याचं प्रकरण समोर आलं होतं. पायावर, चेहऱ्यावर सूज येणं आणि लघवीला फेस येणं ही सुरुवातीची लक्षणं असू शकतात.

स्टिरॉइड मिसळलेली क्रीम. वांगांसाठी मैत्रिणीने सांगितलेली किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेली अनेक क्रीम प्रत्यक्षात स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असतात. सुरुवातीला डाग उजळतात. महिनोन्महिने लावत राहिलं तर त्वचा आणखी पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात आणि क्रीम बंद केलं की चेहरा भडकतो. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टिरॉइडना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत टाकलं, तरी ती चिठ्ठीविना वापरली जातातच. मुळात पातळ झालेल्या प्रौढ त्वचेवर त्यांचा घाव अधिक खोल असतो.

केसांचा रंग आणि ‘काळी मेंदी’. बहुतेक काळ्या हेअर डायमध्ये पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन असतं. त्याची ॲलर्जी तीव्र असू शकते. डोक्याला खाज, पापण्या सुजणं, कपाळावर पाणी सुटणारं पुरळ, असं तिचं रूप असतं. म्हणूनच अशा डायवर आधी चाचणी घेण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणं बंधनकारक आहे. शुद्ध मेंदीचा रंग केशरी-तांबूस येतो. ‘हर्बल’ लिहिलेल्या पाकिटाने अर्ध्या तासात केस गडद काळे होत असतील तर आत पीपीडी असण्याची शक्यता मोठी आहे.

टिकली आणि कुंकू. काही टिकल्यांच्या मागच्या डिंकात पीटीबीपी नावाचं रसायन असतं. ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारतं आणि कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उरतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी हे वर्षानुवर्षं नोंदवलं आहे. आधी खाज येते, मग रंग जातो. खाज सुटली की ती टिकली लगेच बंद करावी. रात्री झोपताना टिकली काढून ठेवायची सवयही चांगली. कुंकवातल्या कृत्रिम रंगांमुळे काही जणींच्या कपाळावर काळसर डागही पडतात.

यातल्या एकाही वस्तूपासून ‘पॅराबेन-फ्री’ हे दोन शब्द वाचवत नाहीत.

लेबल कसं वाचायचं?

घटकांची यादी इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात असते. नेमकी चाळिशीचा चष्मा लागलेल्या बाईलाच ती वाचायची असते. सोपा उपाय म्हणजे फोनने फोटो काढायचा आणि मोठा करून पाहायचा. घरातल्या मुला-मुलींनी आई-मावशीसाठी एवढं जरूर करावं.

पुढच्या गोष्टी या क्रमाने पाहा:

• उत्पादकाचं पूर्ण नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक. तो ‘एम. एल. नंबर’ असा लिहिलेला असतो. आयात वस्तूवर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यातलं काही नसेल तर पुढे वाचायची गरजच नाही. इन्स्टाग्रामवर ‘घरी बनवलेलं’ म्हणून विकलं जाणारं क्रीमही याला अपवाद नाही. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांचा परवाना वेगळा असतो, पण त्यांच्यावरही परवाना क्रमांक हवाच.

• बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ‘१२ एम’ असं लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ.

• घटकांची यादी. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘केशरयुक्त’ क्रीमच्या यादीत केशर अगदी शेवटी असेल तर ते नावापुरतंच आहे.

• ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘पर्फ्युम’ हा शब्द. त्वचा संवेदनशील असेल तर तो नसलेलं उत्पादन निवडा. ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रेग्रन्स-फ्री’ एकच नाहीत. ‘अनसेंटेड’मध्ये वास लपवण्यासाठी दुसरा सुगंध घातलेला असू शकतो.

• ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ आणि ‘हायपोॲलर्जेनिक’. हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. चाचणी किती जणांवर झाली आणि निकाल काय आला, हे त्यातून कळत नाही.

• हिरवा ठिपका. तो वनस्पतिजन्य घटकांबद्दल सांगतो, सुरक्षिततेबद्दल नाही.

‘कॉसमॉस’सारखी सेंद्रिय प्रमाणपत्रं घटकांचा उगम आणि बनवण्याची पद्धत तपासतात. त्यामुळे नुसत्या ‘क्लीन’ शब्दापेक्षा त्यांना वजन आहे. तरी प्रमाणित सेंद्रिय क्रीमचीही ॲलर्जी येऊ शकते.

नवं उत्पादन वापरण्याआधी

कोणतंही नवं क्रीम थेट चेहऱ्यावर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहा. खाज, लाली, सूज आली नाही तर चेहऱ्यावर सुरुवात करा. हेअर डायसाठी पाकिटावर दिलेली चाचणी प्रत्येक वेळी करा. आधीच्या दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही, असं नसतं. एका वेळी एकच नवीन वस्तू सुरू करा, म्हणजे त्रास झालाच तर कशामुळे झाला ते कळेल.

त्रास झाला तर उत्पादन बंद करा, पण डबी टाकून देऊ नका. तिच्यावरचे घटक आणि बॅच नंबर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लेबल नसलेल्या किंवा संशयास्पद क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. फसव्या दाव्यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि रोजचं काय? सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि सोसत असेल तर रात्री रेटिनॉल. एवढ्या चार वस्तूंवर चाळिशीनंतरच्या बहुतेक महिलांचं भागतं. त्या ‘क्लीन’ म्हणून विकल्या जात असोत किंवा नसोत, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी मात्र चारही डब्यांवर असायलाच हवी.